गरम झाल्यावर गप्प होणारा सपोर्ट

कागदावर त्या वायूच्या पाइपलाइनचा ताण १२६ मेगापास्कल होता आणि परवानगी २०७ ची. म्हणजे मर्यादेच्या ६१ टक्के. २०१२ साली ते गणित मी केलं होतं. खाली माझी सही, शेजारी तपासणाऱ्या सरांची सही, वर ग्राहकाचा ‘मंजूर’ असा शिक्का. २०१६च्या ऑगस्टमध्ये त्याच लाइनवरचं प्रेशर गेजचं पाऊण इंची टॅपिंग (पाइपवर गेज बसवायची लहान नळी) सहा आठवड्यांत दुसऱ्यांदा चिरलं. २८ बार दाबाचा नैसर्गिक वायू फुसफुसत बाहेर आला, गॅस डिटेक्टर वाजला, ऑपरेटरने कॉम्प्रेसर बंद केला. कुणाला इजा झाली नाही. पण जवळपास एक ठिणगी असती तर काय झालं असतं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सर एवढंच म्हणाले, "उद्या सकाळी निघ. तुझी कॅल्क्युलेशन सोबत घे."

पुण्याहून खोपोली, पेण, वडखळ नाका, आणि पुढे रायगड जिल्ह्यातली ती एमआयडीसी. पाऊस इतका की वायपर पुरत नव्हते. मांडीवर दोनशे पानांचा रिपोर्ट होता आणि मी तो पुन्हा पुन्हा चाळत होते. चूक कुठे सापडेल असं वाटत होतं, पण आकडे सगळे जागेवर होते.

आमचं काम नेमकं काय असतं, ते आधी सांगते. पोलादाचा एक मीटर पाइप शंभर अंशांनी तापला की साधारण १.२ मिलिमीटर वाढतो. ऐकायला काहीच नाही. पण पाइप एकटा नसतो. त्याचं एक टोक कॉम्प्रेसरला, दुसरं कूलरला जखडलेलं असतं, आणि दोन्ही यंत्रांना त्याचं ढकलणं सोसत नाही. त्यामुळे पाइपला वाढायला जागा द्यायची असते: कुठे काटकोनात वळवायचा, कुठे सरकू द्यायचा, कुठे धरून ठेवायचा. आम्ही सीझर-टू नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये लाइन उभी करतो, वजन, दाब, तापमान घालतो, आणि प्रत्येक वळणावर किती ताण येतो ते पाहतो. एएसएमई बी ३१.३ ही संहिता सांगते त्या मर्यादेत ताण बसला की लाइन पास.

ही लाइन आठ इंची. कॉम्प्रेसरच्या डिस्चार्जला, म्हणजे वायू बाहेर पडतो तिथे, त्याचे धक्के शमवणारं डॅम्पनर नावाचं भांडं असतं. लाइन त्यातून निघून साडेतीन मीटर उभी वर जाते, मग आडवी होऊन दोन-तीन वळणं घेत कूलरला पोचते. एकूण लांबी साडेसतरा मीटर. वायूचं तापमान ११८ अंश. उभा भाग तेवढ्यात पावणेचार मिलिमीटर वाढतो. हे सगळं मी धरलं होतं.

धरलं नव्हतं ते कंपन. रेसिप्रोकेटिंग कॉम्प्रेसर म्हणजे सिलिंडरमध्ये मागे-पुढे धावणारा पिस्टन, तो वायू एकसारखा ओतत नाही, ढोस देतो. त्या ढोसांचा अभ्यास, म्हणजे पल्सेशन स्टडी, मूळ निविदेत होता. नंतर खर्च कमी करताना तो वगळला गेला. मला तेव्हाच ते खटकलं होतं. सरांशी बोललेही होते, पण ग्राहकाला लेखी काही दिलं नाही. ती गोष्ट मला अजून लागते.

मोबाइल गेटवर जमा केला, हेल्मेट चढवलं आणि शेडमध्ये शिरले. ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन कॉम्प्रेसर शेजारी शेजारी. दोन वर्षं ‘बी’ राखीव असायचा, आठवड्यातून कधीतरी तासभर चालवायचे. २०१६च्या जानेवारीपासून वायूची मागणी वाढली आणि तो रोज चोवीस तास चालू लागला. चिरलेलं टॅपिंग ‘बी’च्या लाइनवरचं. त्या जागी आता प्लग बसवला होता आणि माझ्यासाठी ‘बी’ पुन्हा सुरू करून ठेवला होता.

पाइप थरथरत होता. डोळ्यांना दिसत होतं. कंपनमापकाचं चुंबक पाइपवर टेकवलं, आडव्या भागाच्या मध्यावर ३१ मिलिमीटर प्रतिसेकंद आलं. वारंवारिता १४ हर्ट्झ. हिशोब मांडला तर पाइप दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा मिलिमीटर, म्हणजे एकूण एक मिलिमीटर हलत होता, सेकंदाला चौदा वेळा.

चौदा कुठून आले ते लगेच कळलं. कॉम्प्रेसर मिनिटाला ४२० फेरे मारतो, म्हणजे सेकंदाला सात. पिस्टन जाताना आणि येताना दोन्ही वेळा वायू दाबतो, म्हणून सेकंदाला चौदा ढोस.

तिथेच उभं राहून मी डायरीत एक गुणाकार केला आणि माझे पाय थंड पडले. बी ३१.३ मध्ये आमची ताणाची मर्यादा ७,००० चक्रांच्या हिशोबाने धरलेली असते. यामागे मार्कल नावाच्या अमेरिकन अभियंत्याने गेल्या शतकाच्या मध्याला केलेल्या चाचण्या आहेत. पाइपचे जोड आणि वळणं यंत्रावर वाकवून, पुन्हा सरळ करून, फुटेपर्यंत मोजलेल्या. गरम होऊन थंड होणं हे एक चक्र. रोज एकदा धरलं तरी ७,००० चक्रं संपायला एकोणीस वर्षं लागतात. सेकंदाला चौदा या वेगाने तीच ७,००० चक्रं आठ मिनिटं वीस सेकंदांत संपतात. दिवसाला बारा लाखांवर. माझा ६१ टक्क्यांचा आकडा खोटा नव्हता. तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर होता.

टॅपिंग का फुटलं ते मात्र बघताक्षणी समजलं. पाऊण इंची नळी, तिच्या डोक्यावर दोन-अडीच किलोचा व्हॉल्व्ह, त्यावर गेज. पहिल्यांदा चिरल्यावर कुणीतरी ते हलू नये म्हणून व्हॉल्व्हपासून शेजारच्या प्लॅटफॉर्मच्या खांबापर्यंत अँगल मारून वेल्ड केला होता. तो अँगल अजून तिथेच लटकत होता. हेतू चांगला होता. पण खांब स्थिर आणि पाइप हलता. नळीचं बूड पाइपबरोबर हलतंय आणि डोकं खांबाला बांधलेलं, मग पाइपचं सगळं हलणं त्या दोन बोटं जाडीच्या नळीने आपल्या वेल्डवर सोसायचं. म्हणूनच पहिलं टॅपिंग जवळजवळ सहा महिने टिकलं आणि दुसरं सहा आठवडे. लहान नळीला आधार द्यायचा तो ज्या पाइपवर ती उभी आहे त्या पाइपवरूनच, दोन दिशांनी, म्हणजे दोघं एकत्र हलतील. जमिनीवरून नाही, खांबावरून तर नाहीच. प्लांटमध्ये काम करणाऱ्या कुणाच्या वाचनात हे आलं तर एवढं एक लक्षात ठेवा. असे अँगल मी नंतर कितीतरी ठिकाणी पाहिले आणि प्रत्येक वेळी काढायला लावले.

पण टॅपिंग हे दुखणं नव्हतं, ते दुखण्याचं तोंड होतं. पाइप इतका का हलतोय?

लहानपणी आमच्या सांगलीच्या घरात आई मिक्सर लावायची तेव्हा एका ठरावीक वेगाला मांडणीवरचं एकच ताट वाजायचं. वेग वाढला की ते गप्प आणि भलताच पेला किणकिणायचा. प्रत्येक वस्तूची स्वतःची एक थरथरण्याची गती असते. बाहेरचा धक्का नेमका त्या गतीने आला की ती वस्तू तो धक्का साठवत जाते. पाइपचंही तसंच. दोन सपोर्टमधलं अंतर, पाइपचा ताठपणा आणि वजन, यांवरून त्याची नैसर्गिक वारंवारिता ठरते. ती चौदाच्या आसपास असेल तर सगळं जुळत होतं.

ती मोजायची तर कॉम्प्रेसर बंद हवा. रात्री ‘बी’ थांबवला, भार ‘ए’वर टाकला, सकाळी परमिट मिळालं. रबरी टोकाच्या हातोड्याने आडव्या पाइपच्या मध्यावर ठोका मारला आणि त्याचं घुमणं नोंदवलं. आलं २६ हर्ट्झ.

पुन्हा ठोकला. २६. वरून, बाजूने, थोडं पुढे सरकून, तेच. रेसिप्रोकेटिंग कॉम्प्रेसरसाठी एपीआय ६१८ हे मानक म्हणतं की पाइपची सर्वांत कमी नैसर्गिक वारंवारिता यंत्राच्या वेगाच्या २.४ पटींहून जास्त असावी. आमच्या बाबतीत १६.८ हर्ट्झ. २६ म्हणजे उत्तम. या पाइपने चौदाला इतकं हलायचं काहीच कारण नव्हतं.

मेंटेनन्सचे साहेब आले. त्यांना उत्पादन थांबल्याची काळजी होती आणि ती रास्त होती. त्यांनी सुचवलं, डॅम्पनरच्या तोंडाशी बेलो टाकून देऊ, म्हणजे कंपन पुढे जाणारच नाही. बेलो म्हणजे पातळ पत्र्याची चुण्यांची लवचीक नळी. मी तिथल्या तिथे नाही म्हणाले. साइटवर मी अशी फटकन बोलत नाही, पण या एका गोष्टीला मी कधीच होकार देणार नाही. साधा पाइप आतला दाब स्वतःच्या अंगावर तोलून धरतो. मध्ये चुण्यांची नळी आली की तो ताण धरणारं कुणी उरत नाही. नुसत्या पाइपच्या आतल्या व्यासावर २८ बार धरले तरी नऊ टनांचा जोर दोन्ही बाजूंना बाहेर ढकलत राहतो. शिवाय तो पातळ पत्रा दिवसाला बारा लाख वेळा हलवायचा.

आणि आमच्या क्षेत्रात बेलो म्हटलं की फ्लिक्सबरो आठवतं. १ जून १९७४, शनिवार. इंग्लंडमधल्या लिंकनशायरचा कारखाना. सायक्लोहेक्झेनच्या सहा रिअॅक्टरांपैकी पाचव्याला भेग गेली म्हणून तो काढला आणि चौथा नि सहावा यांना जोडायला वीस इंची पाइपचा तात्पुरता, वाकडा जोड केला, दोन्ही टोकांना बेलो. त्याचं रेखाटन वर्कशॉपच्या फरशीवर खडूने केलेलं होतं. दाबामुळे तो वाकडा जोड पिळला जाईल, बेलोंवर आडवा जोर येईल, याचं गणित कुणी केलं नाही. दोन महिने तो चालला. मग फुटला, आणि २८ माणसं गेली. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात सरांनी मला हे सांगितलं होतं, आणि शेवटी म्हणाले होते, "हे लोक आळशी नव्हते. त्यांना प्लांट लवकर सुरू करायचा होता." साहेबांना मी तेच सांगितलं. ते बराच वेळ पाइपकडे बघत राहिले, मग म्हणाले, "ठीक आहे मॅडम, बेलो नाही. पण मग काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते दिलं फिटरकाकांनी. पन्नाशी ओलांडलेले, कारखाना उभा राहिला तेव्हापासून तिथेच. दोन दिवस माझी शिडी धरून उभे होते, स्वतःहून एक शब्द बोलले नव्हते. जेवणाच्या सुट्टीनंतर मी पहिल्या सपोर्टचे बोल्ट बघत होते तेव्हा म्हणाले, "मॅडम, हा सपोर्ट मशीन चालू केल्यावर वाजतो. अर्धा-पाऊण तास नुसता खडखड करतो. मग एकदा लाइन गरम झाली की बसतो जागेवर. गप्प होतो."

"रोज?"

"दर वेळी. आम्हाला वाटतं लाइन सेट झाली."

मी खाली उतरले आणि रिपोर्ट उघडला. ताणाची पानं नव्हे, सपोर्टवर येणाऱ्या भाराची. तो सपोर्ट साधा होता, पाइप नुसता टेकवलेला. म्हणजे तो पाइपला खालून तोलू शकतो, वरून दाबून धरू शकत नाही. थंड स्थितीतला भार: व्यवस्थित. चालू, गरम स्थितीतला भार: शून्य.

शून्य. चार वर्षांपासून ते शून्य माझ्या सहीच्या कागदात छापलेलं होतं. उभा पाइप पावणेचार मिलिमीटर वर वाढतो आणि आडव्या पाइपला उचलतो. कोपऱ्यापासून पावणेदोन मीटरवरच्या त्या सपोर्टवरून पाइप उठतो आणि हवेत राहतो. वळणातला ताण मर्यादेत होता म्हणून मी पुढचं पान उलटलं होतं.

त्या सपोर्टला धरून पुढचं मोकळं अंतर ४.४ मीटर. तो सुटला की कोपऱ्यापासून थेट ६.२ मीटर. वजन पेलायला तेवढं अंतर चालतं, आठ इंची वायूच्या लाइनला सात मीटरपर्यंतही लोक देतात. पण वारंवारिता अंतराच्या वर्गाने घटते. ४.४ चा वर्ग आणि ६.२ चा वर्ग मांडून पाहा, जवळजवळ दुप्पट. म्हणजे वारंवारिता निम्मी. सव्वीसची तेरा-चौदा.

आम्ही मोजलेला पाइप थंड होता. थंड पाइप सपोर्टवर बसलेला असतो. दरवर्षी शटडाऊनमध्ये सपोर्टची तपासणी व्हायची आणि दरवर्षी सगळं जागेवर सापडायचं, कारण शटडाऊनमध्ये पाइप थंडच असतो.

‘बी’ पुन्हा सुरू करायला लावला. मी आणि काका सपोर्टखाली उभे. पहिली दहा मिनिटं शांत. मग पाइप तापू लागला आणि खडखड सुरू झाली, पोलादावर पोलाद आपटल्याची. पाऊण तासाने आवाज विरळ झाला, आणि थांबला. मी डायरीचं एक पान फाडून काकांच्या हातात दिलं. त्यांनी ते पाइपशू, म्हणजे पाइपखालचा पोलादी पाय, आणि खालच्या बीमच्या मध्ये सरकवलं. कागद या बाजूने शिरला आणि त्या बाजूने बाहेर आला, कुठेही न अडता. फीलर गेज लावला, फट दोन मिलिमीटर.

काका म्हणाले, "म्हणजे हा गप्प व्हायचा तो..."

"टेकत नव्हता म्हणून."

संध्याकाळी मी साहेबांकडे आणखी एक मागणी केली. ‘बी’ पूर्ण गरम असताना थांबवा आणि लगेच पाइपजवळ जाऊ द्या. सेफ्टीवाल्यांशी बोलून, सगळी खबरदारी घेऊन, ते जमलं. मशीन थांबल्यावर बारा मिनिटांत ठोका मारला. १४ हर्ट्झ.

आता उपाय. इथूनच आमच्या कामातली खरी ओढाताण सुरू होते, आणि मला वाटतं पाइपिंगचं सगळं शास्त्र याच एका ओढाताणीभोवती फिरतं. उष्णतेला पाइप मोकळा हवा असतो. कंपनाला तो बांधलेला हवा असतो. मोकळा सोडाल तेवढा तो थरथरणार, आवळाल तेवढा तो तापल्यावर स्वतःला आणि यंत्राला फाडणार. कुणीतरी म्हणेल की मग पहिल्या सपोर्टवर मजबूत क्लॅम्प टाका आणि पाइप खाली दाबून धरा. मी पहिल्यांदा तेच करून पाहिलं, अर्थात संगणकावर. ताण १२६ वरून १७१ वर गेला. तो संहितेत बसत होता, पण डॅम्पनरच्या नॉझलवरचा, म्हणजे पाइप जोडायच्या तोंडावरचा, भार उत्पादकाने दिलेल्या मर्यादेच्या बाहेर गेला. पाइप वाचवून नॉझल फोडण्यात काय अर्थ?

पुण्याला परत येऊन मी दहा दिवस त्याच लाइनवर बसले. क्लॅम्प कोपऱ्यापासून दूर नेला की पाइपला वाकायला लांबी मिळते, नॉझलवरचा भार उतरतो. फार दूर नेला की मोकळं अंतर वाढतं आणि वारंवारिता खाली येते. अडीच मीटर, तीन, साडेतीन, पुन्हा मागे. नवव्या प्रयत्नाला ३.२ मीटरवर गाठ पडली. ताण १४८, नॉझल मर्यादेत, आणि ६.२ मीटरच्या अंतराचे जवळजवळ दोन समान भाग. क्लॅम्पची रचनाही ठरली. पाइपला वर-खाली आणि आडवा घट्ट धरायचा, लांबीच्या दिशेने मात्र सरकू द्यायचा. त्यासाठी क्लॅम्प आणि पाइपच्या मध्ये टेफ्लॉनचा पट्टा आणि नटांखाली डिस्क स्प्रिंग वॉशर, म्हणजे पाइप तापून फुगला तरी पकड ना सुटेल ना चावेल. क्लॅम्प कशावर उभा करायचा याबद्दल मी हट्टच धरला. प्लॅटफॉर्मच्या बीमवर टाकला असता तर काम एका दिवसात झालं असतं, पण तो बीम स्वतःच हलत होता. हलत्याला हलतं बांधून काही मिळत नाही. जमिनीत स्वतंत्र काँक्रीटचा पाया आणि त्यावर तिरके आधार दिलेली बॉक्स सेक्शनची चौकट, हे मी लिहून दिलं. या वेळी लिहून दिलं.

दरम्यान वगळलेली पल्सेशन स्टडीही बाहेरच्या तज्ज्ञांकडून करून घेतली. त्यात आणखी एक गोष्ट निघाली. त्या तापमानाला नैसर्गिक वायूत आवाजाचा वेग सेकंदाला पाचशे मीटरच्या आसपास असतो. डॅम्पनर ते कूलर साडेसतरा मीटर. या दोन भांड्यांमधल्या पाइपमध्ये वायूचा स्तंभ बासरीतल्या हवेसारखा घुमतो, आणि या लांबीला त्याचा सूर लागतो जवळजवळ चौदालाच. म्हणजे पाइपचं पोलाद आणि पाइपमधला वायू, दोन्ही त्याच सुरात. आतला दाब ०.३ बारने वर-खाली होत होता. आठ इंची पाइपच्या वळणावर त्याचे साधारण शंभर किलो वजनाएवढे धक्के बसतात, सेकंदाला चौदा. त्यावर उपाय सोपा निघाला: डॅम्पनरच्या तोंडाशी, फ्लॅंजच्या मध्ये, अर्ध्या व्यासाचं भोक असलेली जाड चकती. थोडा दाब वाया जातो, पण ज्या ठिकाणी वायूची ये-जा सर्वांत जोरात असते तिथेच ती तिला आवर घालते.

नोव्हेंबरमध्ये शटडाऊन मिळाला. पाया महिनाभर आधीच ओतून ठेवला होता. आठवडाभरात चौकट, ग्राउटिंग, क्लॅम्प, चकती, आणि नवीन टॅपिंग. ते आखूड करून घेतलं आणि पाइपवरूनच दोन बाजूंनी गसेट, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, दिले. खांबाचा अँगल काकांनी स्वतः कापला.

मी शेवटच्या दिवशी पोचले. थंड पाइपला ठोका मारला, ३९ हर्ट्झ. गणितात पन्नासच्या वर होते, पण गणितात चौकट अजिबात न वाकणारी धरलेली असते आणि खरी चौकट थोडी तरी वाकतेच. ३९ मला भरपूर होते.

दुपारी तीनला ‘बी’ सुरू झाला. या वेळी मोजायचं ते गरम झाल्यावरच, हे सगळ्यांनाच पाठ होतं. चार वाजता कुठूनही खडखड आली नाही. साडेपाचला आडव्या भागाच्या मध्यावर मापक टेकवला: ६ मिलिमीटर प्रतिसेकंद. शेजारच्या माणसाला पाइप हलतोय हे हात लावल्याशिवाय कळलं नसतं, आणि हात लावायची सोय नाही इतका तो गरम.

काकांना तेवढ्याने समाधान नव्हतं. ते म्हणाले, "ताई, आकडा राहू दे. कागद द्या." ऑगस्टपासून तेव्हापर्यंत मी मॅडम होते. डायरीचं पान फाडून दिलं. डॅम्पनरपासून कूलरपर्यंत पाच सपोर्ट. शिडी हलवत हलवत ते एकेकाशी गेले आणि मी खाली उभी राहून टिपत गेले. पहिला सपोर्ट म्हणजे आता क्लॅम्पच होता, तिथे कागद शिरायचा प्रश्नच नव्हता, तरी त्यांनी बघितलं. दुसरा, तिसरा, चौथा, सगळीकडे कागद काठाशीच अडला. पाचवा कूलरजवळचा, अंधारात होता. टॉर्चच्या उजेडात त्यांनी पान घातलं, ते वाकलं, चुरगळलं, आत गेलं नाही. मग ते पलीकडच्या बाजूला गेले आणि तिथून घालून पाहिलं.

"नाही जात," वरून आवाज आला.

मी पाचव्यासमोर खूण केली आणि वेळ लिहिली. सहा वाजून दहा मिनिटं, लाइन ११६ अंश.